वाड्या, वाटा आणि अंतरे : आलेख सिद्धांताचा ग्रामविकासाला उपयोग

(पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



ग्रामविकासाच्या वर्गात गणितातील एका शाखेवर व्याख्यान ठेवलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. व्याख्याता कलाशाखेचा पदवीधर आहे हे समजल्यावर ते नवल थोडे वाढलेही असेल. परंतु शासनाच्या योजनांची माहिती गावोगाव पोचविण्याचे काम करताना एक प्रश्न पदोपदी ऐकावा लागतो. शाळा कोठे बांधावी, उपकेंद्राला जागा कोणती द्यावी, रस्ता आधी कोणत्या वाडीचा करावा, अशी चर्चा निघाली की प्रत्येक जण एकच शब्द उच्चारतो, आणि तो शब्द म्हणजे ‘अंतर’. एक सदस्य म्हणतात, ही जागा सर्वांना जवळ आहे. दुसरे म्हणतात, आमच्या वाडीला ती फार लांब पडते. दोघेही खरेच बोलत असतात, आणि तरीही वाद मिटत नाही. याचे कारण असे की, दोघांच्या मनातील अंतराची मोजपट्टी निराळी असते. या मोजपट्ट्या कोणत्या आणि कोणत्या कामाला कोणती वापरावी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी आलेख सिद्धांत नावाच्या शास्त्राचे साहाय्य घ्यावयाचे आहे.

सात पुलांचे नगर

शाळेत चौकटीच्या कागदावर आपण जो आलेख काढतो त्याच्याशी या शास्त्राचा संबंध नाही. येथे आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. बिंदूंना शिरोबिंदू म्हणतात व रेषांना कडा म्हणतात. गाव हा शिरोबिंदू मानला तर रस्ता ही कड. दूरध्वनी केंद्र शिरोबिंदू मानले तर तार ही कड. कड सरळ आहे की वळणाची, बिंदू कागदाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, याला येथे महत्त्व नाही. कोण कोणाला जोडलेले आहे, एवढेच पाहावयाचे.

या शास्त्राचा उगम एका नगरातील पुलांच्या कोड्यात आहे. प्रशियातील कोनिग्झबर्ग या नगरातून प्रेगेल नदी वाहत असे व तिच्यावर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून सारे नगर फिरता येईल काय, असा प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याचे उत्तर मांडले. नगराचे नदीने वेगळे केलेले चार भूभाग त्याने चार शिरोबिंदू मानले आणि सात पूल सात कडा मानल्या. वाटेतल्या भूभागात एका पुलाने शिरावे तर दुसऱ्याने बाहेर पडावे लागते. म्हणून आरंभ व शेवट सोडून इतर सर्व ठिकाणी पुलांची संख्या सम असली पाहिजे. येथे तर चारही भूभागांना विषम संख्येने पूल लागलेले होते. सबब, अशी फेरी अशक्य ठरली. पुलांची लांबी, नदीचे पात्र, नगरातील गल्ल्या या सर्वांना बाजूस सारून केवळ जोडणीचा विचार करणे, ही ऑयलरची दृष्टी होती. आपल्याला आज तीच दृष्टी उसनी घ्यावयाची आहे.

अंतर म्हणजे काय?

जाळ्यातील दोन शिरोबिंदूंमधील अंतर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सर्व मार्गांपैकी सर्वांत लहान मार्गाची लांबी. व्याख्या साधी आहे, परंतु तिच्यातून निघणारा अर्थ आपण पुष्कळदा विसरतो. कोकणात खाडीच्या दोन तीरांवरची गावे एकमेकांना डोळ्यांनी दिसतात. एका तीरावरील देवळाची घंटा दुसऱ्या तीरावर ऐकू येते. पण पूल नसेल तर तर बंद असताना खाडीला वळसा घालून जावे लागते. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही.

अंतर कमी करण्यासाठी गावे हलवावी लागत नाहीत, एखादी कड वाढविली तरी पुरते, याचे मोठे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू होण्यापूर्वी मुंबईहून मंगळूरला जाणारी थेट गाडी दख्खनचे पठार उतरून दक्षिणेत जात असे आणि पालघाटच्या खिंडीतून पुन्हा पश्चिम किनाऱ्याला येत असे. रोह्याच्या पुढे किनाऱ्याने लोहमार्ग झाला आणि हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक घटले. मुंबई व मंगळूर होती तेथेच राहिली.

शिवाय कडेवर किलोमीटरच लिहावे असे बंधन नाही. चालण्याची मिनिटे लिहिता येतात, गाडीभाडे लिहिता येते. चढाची दोन किलोमीटरची वाट आणि सपाटीची दोन किलोमीटरची सडक, डोक्यावर हंडा असलेल्या बाईच्या दृष्टीने सारखी नसते. कोणती संख्या लिहिली आहे हे मात्र आरंभीच ठरवून, सर्व हिशेब त्याच संख्येत केला पाहिजे.

जाळे मोठे असेल तर सर्वांत लहान मार्ग शोधावा कसा? १९५६ मध्ये अॅम्स्टरडॅम येथील गणित संस्थेत काम करणारे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी याची एक पद्धत बसविली व १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. अवघ्या तीन पानांचा तो लेख होता. तिचे मर्म असे सांगता येईल. गावठाणातून सर्व वाटांनी सारख्या वेगाने चालणारी माणसे एकाच वेळी सोडली आहेत अशी कल्पना करा. जी वाडी सर्वांत आधी गाठली जाईल तिचे अंतर कायम झाले. त्याची नोंद करावयाची. तेथून पुढे फुटणाऱ्या वाटांनी पुन्हा माणसे निघतील. एखाद्या वाडीत कोणी आधीच पोचलेला असेल तर मागाहून येणाऱ्याने तेथेच थांबावयाचे. असे करीत गेल्यास प्रत्येक वाडीचे किमान अंतर हाती येते. भ्रमणध्वनीवर आज जो रस्ता दाखविला जातो त्यामागील पद्धतींत या विचाराची सुधारलेली रूपे आहेत.

पाच वाड्यांचे उदाहरण

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. डोंगराळ भागातील एक गट ग्रामपंचायत कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. तिच्यात पाच वस्त्या आहेत. नदीवाडीत ४०० लोक, गावठाणात १,७००, माळवाडीत ६००, खिंडवाडीत २०० आणि धनगरवाड्यात १००. एकूण लोकसंख्या ३,०००. एकच रस्ता या सर्वांना ओळीने जोडतो. नदीवाडी ते गावठाण १ किलोमीटर, गावठाण ते माळवाडी २, माळवाडी ते खिंडवाडी २ आणि खिंडवाडी ते धनगरवाडा २ किलोमीटर. आरोग्य उपकेंद्र एकच मिळणार आहे. ते कोठे असावे?

गावठाणाचा हिशेब प्रथम करू. नदीवाडीच्या ४०० लोकांना १ किलोमीटर, माळवाडीच्या ६०० लोकांना २, खिंडवाडीच्या २०० लोकांना ४ आणि धनगरवाड्याच्या १०० लोकांना ६ किलोमीटर. गुणाकार करून बेरीज केली तर ३,००० येते. म्हणजे माणशी सरासरी १ किलोमीटर. हेच केंद्र माळवाडीला नेले तर बेरीज ५,४०० होते व माणशी सरासरी १.८ किलोमीटर पडते. या मोजपट्टीने गावठाण निःसंशय सरस ठरते. ज्या शिरोबिंदूपासून सर्वांच्या अंतरांची बेरीज किमान असते त्याला जाळ्याचा मध्यक म्हणतात.

आता दुसरी मोजपट्टी घेऊ. सर्वांत दूरच्या माणसाला किती चालावे लागते? केंद्र गावठाणात असेल तर धनगरवाड्याला ६ किलोमीटर. माळवाडीत असेल तर धनगरवाड्याला ४ आणि नदीवाडीला ३. म्हणजे कोणालाही चारांहून अधिक नाही. या मोजपट्टीने माळवाडी सरस ठरते. ज्या शिरोबिंदूपासून सर्वांत दूरच्या ठिकाणाचे अंतर किमान असते त्याला जाळ्याचे केंद्र म्हणतात.

माणसांऐवजी वाड्या मोजल्या, म्हणजे प्रत्येक वाडीला एकच मत दिले, तर गावठाणापासूनच्या अंतरांची बेरीज १३ व माळवाडीपासूनची ११ येते. येथेही माळवाडी पुढे जाते. तात्पर्य, रस्ते तेच, वाड्या त्याच, गणितही बिनचूक. पण प्रश्न बदलला की उत्तर बदलते. सभेत ‘ही जागा मध्यवर्ती आहे’ असे कोणी म्हटले, तर ‘कोणत्या अर्थाने?’ असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे.

या विषयाचा पद्धतशीर विचार अमेरिकेतील एस. एल. हकीमी यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळतो. संदेशवहनाच्या जाळ्यातील केंद्र आणि महामार्गांवरील पोलीस ठाणे कोठे असावे, हे त्यांचे प्रश्न होते. त्यांनी दाखवून दिले की, सरासरी अंतर किमान करावयाचे असेल तर जागा शिरोबिंदूंमध्येच शोधली तरी चालते. परंतु सर्वांत दूरच्या माणसाचे अंतर किमान करावयाचे असेल तर उत्तम जागा वाटेच्या मध्येही असू शकते. आपल्या उदाहरणात ती माळवाडीच्या पुढे खिंडवाडीच्या दिशेने अर्ध्या किलोमीटरवर येते. तेथून नदीवाडी व धनगरवाडा दोन्ही साडेतीन किलोमीटरवर आहेत. कागदावर हे उत्तर निर्दोष आहे. पण त्या निर्जन जागी पाण्याची व विजेची सोय आहे काय, परिचारिका भगिनीला रात्री तेथे निर्धास्त राहता येईल काय, हे गणित सांगणार नाही. ते आपण सांगावयाचे आहे.

शासनाच्या दोन मोजपट्ट्या

शासनाच्या नियमांत या दोन्ही मोजपट्ट्या आढळतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. ही दूरच्या मुलाची मोजपट्टी आहे. याउलट, आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाटीवर ५,००० व डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक असा आहे. येथे माणसांची संख्या मोजली आहे. डोंगराळ भागात आकडा कमी ठेवून अंतराची जाणीव ठेवली आहे. तथापि, मंजूर झालेले केंद्र त्या ३,००० लोकांमध्ये नेमके कोठे उभे करावे, हा प्रश्न गावापाशी येऊन थांबतो, आणि तेथे पंचायतीच्या विचाराला वाव असतो.

माझे नम्र मत असे की, सेवेचे स्वरूप पाहून मोजपट्टी निवडावी. शिधावाटपाचे दुकान, टपाल, बँकेचा व्यवहार ही नित्याची कामे आहेत. तेथे बहुसंख्यांची पायपीट वाचविणे योग्य, म्हणून मध्यक पाहावा. बाळंतपण, सर्पदंश, मुलाला भरलेला ताप यांत मात्र उशिराची किंमत जिवाने मोजावी लागते. तेथे सरासरीचा दाखला दूरच्या घराला दिलासा देत नाही, म्हणून केंद्राकडे झुकावे. गावठाणातील १,७०० लोकांना दोन किलोमीटर अधिक चालावयास लावणे ही लहान गोष्ट नव्हे, हे मी जाणतो. दोन्ही बाजूंना खरी किंमत आहे म्हणूनच हा निर्णय आकडे समोर ठेवून, उघडपणे व्हावा.

एकच वाट असलेले जाळे

येथवर आपण रस्ते बारमाही मानले. आता पावसाळा येऊ द्या. माळवाडी व खिंडवाडी यांच्यामधील ओढ्याला पूर आला तर खिंडवाडी व धनगरवाड्याचे ३०० लोक, म्हणजे दहांतील एक माणूस, उर्वरित गावापासून तुटतो. त्या दिवशी त्यांचे अंतर चार वा सहा किलोमीटर नसते. मार्गच नसल्याने गणिती भाषेत ते अनंत असते. जी एक कड काढली असता जाळ्याचे दोन तुकडे होतात तिला आलेख सिद्धांतात सेतू म्हणतात.

ज्या जाळ्यात सर्व शिरोबिंदू जोडलेले आहेत पण फिरून मूळ ठिकाणी येणारे एकही वेटोळे नाही, त्याला वृक्ष असे नाव आहे. वृक्षातील प्रत्येक कड हा सेतू असतो. वृक्षाचा मोठा गुण काटकसर हा होय. १९२६ मध्ये मोराव्हिया प्रांतात विजेचे जाळे कमीत कमी खर्चात कसे पसरावे याचा विचार करताना ओटाकार बोरूव्का यांनी किमान खर्चाचा वृक्ष शोधण्याची रीत दिली, ती आजही शिकविली जाते. सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनेही प्रत्येक पात्र वस्तीला निदान एक बारमाही रस्ता हे पहिले उद्दिष्ट ठेवले. साधने मर्यादित असताना हाच क्रम योग्य होता. परंतु जोडणी झाल्यानंतर पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : ही एक वाट बंद पडली तर?

आपल्या उदाहरणात नदीवाडी ते खिंडवाडी अशी ४ किलोमीटरची पायवाट आहे असे समजा. ती सुधारावी काय? कोरड्या दिवसांतील हिशेब निरुत्साही करणारा आहे. गावठाणातून खिंडवाडीला नेहमीच्या रस्त्याने ४ किलोमीटर पडतात, नदीवाडीवरून गेल्यास ५. म्हणजे गावठाणाला तिचा लाभ नाही. फक्त नदीवाडीकरांचा पुढच्या वाड्यांकडे जाताना एक किलोमीटर वाचतो. अंदाजपत्रकाच्या सभेत हे काम मागे पडेल यात नवल नाही. पण ओढ्याला पूर आलेल्या दिवशी तीच वाट खिंडवाडीचे अंतर अनंतावरून ५ किलोमीटरवर आणते. तिच्यामुळे चार वाड्यांचे वेटोळे पूर्ण होते आणि त्या वेटोळ्यातील कोणतीही एक कड तुटली तरी गाव एकसंध राहतो. धनगरवाड्याचा शेवटचा रस्ता तेवढा सेतू उरतो. त्यावरील मोरीची निगा आधी कोणी राखावी, हेही यावरून कळते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल महापुरात वाहून गेला. राज्य परिवहनाच्या दोन गाड्या व अन्य वाहने त्यात गेली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या हानीची भरपाई कोणताही हिशेब करू शकत नाही. जाळ्याच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या पुलाच्या शेजारी दुसरा पूल उभा होता, म्हणून २०१७ मध्ये नवा पूल तयार होईपर्यंत मुंबई–गोवा मार्गाला दुसरी वाट उपलब्ध राहिली.

दुसऱ्या वाटेचा हा विचार गणितात किती सुबकपणे साकार होऊ शकतो, याचा एक नमुना एका मराठी गणितज्ञाच्या नावाने जगभर ओळखला जातो. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला. पुढे मुंबई विद्यापीठातील गणित विभागाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ऑयलरचे एक जुने अनुमान खोटे ठरविणाऱ्या तीन गणितज्ञांपैकी ते एक. १९५९ मध्ये त्यांनी अभ्यासिलेल्या ‘श्रीखंडे आलेखा’त १६ शिरोबिंदू आहेत व प्रत्येकाला सहा कडा लागतात. त्यातील कोणतेही दोन शिरोबिंदू घ्या. त्या दोघांचे सामाईक शेजारी बरोबर दोन निघतात. म्हणजे कोठूनही कोठेही दोन टप्प्यांत जाता येते आणि त्यातील एक मधला मुक्काम बंद पडला तरी दुसरा शिल्लक असतो. सोळा गावांत अठ्ठेचाळीस रस्ते बांधणे कोणत्याही पंचायतीला परवडणार नाही; पण चांगल्या जाळ्याकडून काय अपेक्षा करावी, हे या आकृतीवरून शिकता येते.

आपण काय करावे?

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी की, वरच्या वर्गातील मुलांकडून गावाचा असा आलेख काढून घ्यावा. वस्त्यांचे बिंदू, वाटांच्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर चालण्याची मिनिटे. आलेख दोन करावेत, एक जानेवारीचा व एक जुलैचा. दुसऱ्यात पाण्याखाली जाणाऱ्या वाटा गाळाव्यात. विषम संख्येने वाटा मिळतात अशी ठिकाणे मुलांना मोजावयास सांगा; ती नेहमी सम संख्येनेच निघतात. असे का, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. आलेख वृक्षाकार असेल तर आणखी एक खेळ आहे. प्रत्येक कड सारख्या लांबीची मानून टोकाचे सर्व बिंदू एकदम खोडावेत, उरलेल्या आकृतीची टोके पुन्हा खोडावीत. शेवटी एक किंवा शेजारशेजारचे दोन बिंदू उरतात आणि तेच केंद्र असते. फ्रान्समधील कामिल जॉर्दां यांनी हे १८६९ मध्ये दाखवून दिले. आपल्या पाच वाड्यांवर हा प्रयोग केल्यास माळवाडीच उरेल.

पंचायत सदस्यांना सांगावयाचे ते असे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल व तरी हे पंचायतींकडे सोपविता येणारे विषय म्हणून नमूद आहेत. ग्रामसभेपुढे जागेचा वा रस्त्याचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यासोबत तीन आकडे मागावेत : माणशी सरासरी अंतर किती, सर्वांत दूरच्या घराचे अंतर किती, आणि कोणती एक वाट बंद पडल्यास किती माणसे तुटतात. ठरावात कोणती मोजपट्टी लावली व का लावली, हेही लिहावे. असा ठराव ज्यांच्या विरुद्ध जाईल त्यांनाही त्यामागील कारण वाचता येईल व पुढील वर्षी त्याच आकड्यांच्या आधारे आपली बाजू मांडता येईल.

अधिकारी मित्रांना अधिक सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. सरासरीचा आकडा अहवालात सहज बसतो, एवढेच आपण सर्व जण जाणतो. आपल्या उदाहरणात केंद्र गावठाणात ठेवल्यास सरासरी अंतर एक किलोमीटर भरते, आणि त्या नीटनेटक्या आकड्यात धनगरवाड्याचे शंभर लोक दिसेनासे होतात. अहवालात सरासरीशेजारी कमाल अंतराचा एक रकाना वाढविला तर ते पुन्हा दिसू लागतील.